समुद्राचं सोवळं

(तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली. शेषम्मा काठीने सोवळ्याचं लुगडं उंच दांडीवर वाळत घालते आहे. अंटार्क्टिकाहून परतलेली भाची विनुता पायरीवर.)

विनुता: आत्या, संध्याकाळी माझ्या भाषणाला येऊ नकोस.

शेषम्मा: कां गं? अस्क्या गल्लीला, घरोघरी सांगून बसलें मी! आमची पोर बर्फाच्या समुद्राचं पाणी तपासून आली म्हणून. पापनाशम गावाहून माझी मैत्रीण वत्सलासुद्धा येते.

विनुता: तू विणलेला तो जांभळा मफलर...

शेषम्मा: हरवलास?

विनुता: नाही गं. आम्ही त्या पाण्यात प्लास्टिकचे बारीक धागे शोधत होतो. शेजारी गाळलेल्या पाण्याची एक बाटली उघडी ठेवायची. तिच्यात धागा पडला, तर तो समुद्रातला नव्हे, आपल्याच अंगावरचा.

शेषम्मा: मग?

विनुता: जांभळा पडला.

शेषम्मा: अय्यो! ती तर लोकर! दुकानदार शपथ घेऊन बोलला.

विनुता: प्लास्टिकची होती. आपल्या गावात लोकर कुणी पाहिलीय? मलाही कळलं नाही. पहिल्या आठ बाटल्या विटाळल्या.

शेषम्मा: नंतरच्या?

विनुता: नंतर तुझीच रीत. सुती कापड, वेगळं धुतलेलं, वेगळं वाळवलेलं, कुणी शिवायचं नाही. लहानपणी मी तुला हसायची ना, तसं जहाजावर अस्के मला हसले. तेवीस बाटल्या सोवळ्यात भरल्या.

शेषम्मा: माझं सोवळं तिथवर पोचलं? कण्णा, माझ्या लेकरा, ऊर भरून आला बघ.

विनुता: आमच्या मोहिमेचे साहेब म्हणतात, त्या आठही मोजणीत धर. आकडा मोठा दिसेल, कुणाला कळतंय!

शेषम्मा: तू काय म्हटलंस?

विनुता: मोजणीतून काढल्या. कां काढल्या, ते आज सांगणार. चारचौघांत तुझ्या मफलरचं नाव निघेल, म्हणून येऊ नको म्हटलं.

शेषम्मा: वेडी! चुकून शिवलं तर आपण लपवतो काय? पुन्हा न्हातो. बरं, त्या तेविसांतलं पाणी तरी निर्मळ निघालं?

विनुता: नाही. एकोणिसांत धागे होते. तिथे क्रिल म्हणून कोळंबीसारखा इवला जीव असतो, तो ते गिळतो. पेंग्विन, देवमासे त्याच्यावरच जगतात.

शेषम्मा: माणसांची वस्ती नाही, तिथे?

विनुता: तिथेच.

शेषम्मा: मी पहिल्या रांगेत बसेन. नाव घेऊन सांग, जांभळा धागा माझ्या शेषम्मा आत्याचा. मग विचार त्यांना, बाकीचे कुणाचे?