सव्वा व्होल्टाचा डबा

न्हाई न्हाई न्हाई, मला एक सांगा... तुमी सगळी शिकली-सवरलेली माणसं बसलाय हितं, तुमीच सांगा, व्होल्टेज कमी करून कवा काय गार झालंय का? आं? झालंय का कवा? आवं, एकतीस वर्सं मोटरी भरतोय मी! आकाराम रिवायंडिंग, इस्लामपूर, मार्केट यार्डाच्या मागं, कुणाला बी इचारा. निम्म्या तालुक्याच्या हिरीवरच्या मोटरींच्या पोटात माझ्या हातची तार हाय. व्होल्टेज पडलं की मोटर काय करती? जास्त करंट वडती. जास्त वडली की तापती, तापली की आतलं वार्निश जळतं, आन् जळका वास आला की शेतकरी मोटर घिऊन माझ्या दारात! त्या जळक्या वासावर तर माझं घर चाललं, त्येच्यावर माझी पोरगी सांगलीला जाऊन इंजिनेर झाली... आन् तीच पोरगी मला म्हणती, "पप्पा, व्होल्टेज कमी केलं ना, की गार चालतं."

मी म्हणलं, काय?

"गार चालतं."

मी खाली बसलो. खरंच बसलो, तिथल्या तिथं, चपला ठिवायच्या पायरीवर.

आता पोरगी म्हंजे अंकिता, एकुलती एक. ती काय करती, तर घरं बांधायच्या आधीच घरांची चित्रं तयार करती. कंप्युटरवर. आवं, पाया खणल्याला नसतोय आन् हिच्या चित्रात खिडकीला पडदा हलतोय! पुण्यातल्या एका कंपनीनं तिला घेतलं, पर एक अट घातली. तिथला साहेब हाय, दिग्विजय म्हणून, तो फोनवर कसा बोलतोय माहिताय? आसं... दात घासत बोलल्यासारखं... "अंकिता, वी आर ओके विथ घरून काम, बट पंधरा दिवस बघूया. तुझ्या मशीनवर काम वेळेत निघालं तर घरूनच कर, नाहीतर मग तुला पुण्यात यावं लागेल." 

पुण्यात! लपवून काय करू, मला पोरगी घरात पायजे. लोकं म्हणतील आडाणी हाय, म्हणू द्या. सकाळी च्या घेताना ती समोर पायजे, बास. म्हणून मी म्हणलं, बाळा, मशीन मोठं घे. पतसंस्थेत हाय तसलं, टेबलाखाली पाय ठिवायला बी उपेगी पडतंय. तर हिनं काय करावं? कुरिअरनं एकेक सामान मागवून सोताच्या हातानं कंप्युटर जोडला, आन् तो येवढा! येवढाच! लाडवाचा डबा सुदिक त्येच्यापेक्षा मोठा असतोय हो. मी म्हणलं, का गं येवढा बारका? तर म्हणती, "पप्पा, उद्या जायची वेळ आलीच, तर पाठीवरच्या सॅकमधे बसला पाहिजे."

झालं! तवापास्नं मला त्यो डबा कंप्युटर वाटंना. त्यो मला एसटी स्टँडवर बसल्यासारखा दिसायला लागला.

बरं, येवढ्याशा डब्यात ती घरांची चित्रं शिजवायची म्हणल्यावर त्यो तापणारच की! पंच्याण्णव डिग्री! आकडा येतो त्येच्यावर. पंच्याण्णव झालं की त्यो जीव वाचवायला आपलं आपण हळू चालतोय, म्हंजे कामाला उशीर, म्हंजे पुणं! मी इचारलं, आत कुटला भाग तापतोय? तर म्हणली प्रोसेसर, बिस्किटायेवढा असतोय. म्हणलं, त्येला व्होल्ट किती लागतात? तर म्हणली, "सव्वा."

सव्वाशे का?

"सव्वा, पप्पा. एक पॉइंट दोन पाच."

आवं, बॅटरीच्या सेलात दीड असतोय! आमी चारशे चाळीसवाली माणसं, सव्वा व्होल्टाला आमी व्होल्टेज म्हणत न्हाई, आमी म्हणतो लाईट गेलीय! आन् करंट किती घेतं? तर ऐंशी अँपिअर! धा एचपीची मोटर पंधरा घेती हो, पंधरा! मी हात जोडले त्या बिस्किटाला. म्हणलं, बाळा, बघ, माझंच बरोबर हाय, व्होल्टेज कमी म्हणून करंट येवढा वडतंय बिचारं, त्येला जरा वाढवून दे. तर ही कपाळावर हात मारून म्हणती, "पप्पा, ही मोटर न्हाई. मोटरीचं काम ठरल्यालं असतं, व्होल्ट कमी दिलं की ती करंट जास्त घेती. ह्येला कंपनीनं गरजेपेक्षा जास्त व्होल्ट देऊन ठिवल्यालं असतं, ते थोडं कमी केलं की करंट बी कमी, ताप बी कमी." 

मी मान डोलावली. आत एक अक्षर गेलं न्हाई. मला आपलं येकच, व्होल्टेज कमी करून कवा काय गार झालंय का?

आन् तिनं कमी केलं! पैल्या दिवशी वजा एकशेवीस. मिलिव्होल्ट, म्हंजे व्होल्टाचा हजारावा भाग. म्हणलं, मसाल्यात हिंग टाकतेस काय? पर दोन मिण्टात स्क्रीन निळी फट्ट! बंद! मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. बायको, शालू, आतनं आली, "आवं, पोरीचं मशीन बंद पडलं आन् टाळ्या काय वाजवताय? लाज वाटती का न्हाई?" मी म्हणलं, तसं न्हाई गं, सिद्ध झालं! पर पोरगी कसली गप बसतीय. वजा शंभर. परत निळी. वजा नव्वद... अर्धा तास चाललं, निळी. वजा ऐंशी. अंहं... बंदच पडंना! तासभर, दोन तास, सगळी घरं शिजवली, आन् आकडा किती? त्र्याहत्तर. पंच्याण्णवाचं त्र्याहत्तर.

तुमी म्हणाल, मग तर इषय संपला. आवं, डोळ्याला दिसतंय म्हणून मनाला पटतंय थोडंच! एकतीस वर्सं! मला वाटलं आतल्या आत जळत असंल, वास उशिरा येत असंल. मी दिवसातनं चारदा त्या डब्याचा वास घ्यायला लागलो. शालू बघायची आन् नाक मुरडून जायची.

मग मी म्हणलं, व्होल्टेजचं तिचं तिला, आपण वाऱ्याचं बघू. दुकानातला टेबलफॅन आणला, ज्येच्यापुढं आमी वार्निश वाळवतो, आन् लावला डब्याच्या मागल्या अंगाला, पुऱ्या स्पीडवर. आकडा त्र्याहत्तरचा ब्याऐंशी! पोरगी पळत आली, "पप्पा! ती बाहेर जायची हवा हाय, तुम्ही तिला परत आत ढकलताय!" 

फॅन घिऊन गेलो. बाहेर जायाचंय ते आत ढकलायचं, दुसरं काय करत हुतो मी इतकं दिवस?

मी जाताना ती एक वाक्य बोलली, ते ध्यानात ठिवा. म्हणली, "पप्पा, तुमच्या दुकानातला बोर्ड वाचलाय का तुमी कवा?"

आता हा बोर्ड म्हंजे... सांगतो. माझ्या दुकानात मोटर खोलली की तिचा मालक उकिडवा बसतोय समोर आन् चालू होतोय. "आकारामभाऊ, तारेचं दोन येढं जास्त मारा की... आकारामभाऊ, तार जाड घाला की..." त्यात बोरगावचा नानासो लय पुढं. आवं, ज्येला आपल्या हिरीचा स्टार्टर नीट दाबता येत न्हाई, त्यो मला तारेचा गेज शिकवतोय! म्हणून मी जुन्या स्टार्टरचं झाकण घेतलं आन् माझ्या हातानं तांबड्या रंगात लिवलं, "चालू कामात सल्ला देऊ नये. दिल्यास मोटर उचलून न्यावी." लावला भिंतीला. नानासो बोलाय लागला की मी काय बोलत न्हाई, नुसतं भिंतीकडं बोट करतो. चौदा वर्सं झाली, त्या बोटानं माझं डोस्कं शाबूत ठिवलंय.

तर... बारावा दिवस. माझ्या हातनं पाप झालं.

पोरगी केस धुवायला गेलती. डब्यावर काम चालू नव्हतं. आन् मला माहीत झाल्यालं सगळं हो, बारा दिवस च्याचा कप धरून पाठीमागं उभं राहून काय उगीच! चालू करताना एक बटाण दाबून धरायचं, काळी पाटी येती, तीन खाली, एक आत, दोन खाली, आन् तिथं आपलं वजा ऐंशी. मी बघितलं त्येच्याकडं. त्ये वजाचं चिन्ह मला आसं दिसलं, आपल्या लेकराला कुणी अर्ध्या भाकरीवर ठिवलंय. म्हणलं, खा रं बाबा पोटभर, आन् जीव लावून काम कर, म्हंजे माझी पोरगी हितंच ऱ्हाईल. वजाचं केलं अधिक. अधिक ऐंशी. आन् देवाजवळ जाऊन हात जोडून आलो.

व्होल्टेज कमी करून कवा काय गार झालंय का? वाढवून तर झालं पायजे का न्हाई!

दुपारी तिनं काम लावलं. दहा मिण्टात त्यो पंखा आसा बोंबलायला लागला, गिरणीचा पट्टा सुटल्यावानी! सत्त्याण्णव, नव्व्याण्णव... आन् खट. सगळं काळं. दिवस-रातीचं काम तसंच लटकलं. परत लावलं, परत खट. आन् त्याच टायमाला साहेबाचा फोन, स्पीकरवर, "अंकिता, धिस इज नॉट वर्किंग ना... उद्या चार वाजेपर्यंत फायनल दे. नाही जमलं तर सोमवारी पुण्यात जॉईन हो. रूमचं बघून ठेव." 

रूमचं बघून ठेव! शालूनं पदर तोंडाला लावला.

पोरीनं काळी पाटी उघडली. तीन खाली. एक आत. दोन खाली. आन् थांबली. अधिकच्या चिन्हावर तिचं बोट तसंच थांबलं. घरात तिघं माणसं, त्यातल्या एकीला पोळपाटापलीकडचं मशीन माहीत न्हाई. मग राहिलं कोण? ती वळली. मला वाटलं आरडंल, वरडंल... आवं, वरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणली, "पप्पा, मी जावं असं वाटतंय का तुम्हाला?"

तुमाला सांगतो... चारशे चाळीसचा शॉक मी तीनदा खाल्लाय. त्यो काय न्हाई हेच्यापुढं.

म्हणलं, न्हाई गं बाळा, ऱ्हावं म्हणूनच... तिनं परत वजा केलं. ऐंशी. काम पैल्यापास्नं लावलं. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलंच न्हाई. सकाळी आठपास्नं खुर्चीवर बसलो, दोन्ही हात मांडीखाली घालून. सोताच्याच हाताचा भरवसा राहिला नव्हता! नऊला खाज आली कानाला, न्हाई खाजवला. शालूनं पोहे आणले, म्हणलं, भरव. तिनं म्हणलं, "आवं, लगीन झालं तवा नव्हतं भरवलं, आन् आता?" पर भरवले. आकडा त्र्याहत्तर... चौऱ्याहत्तर... परत त्र्याहत्तर. आन् मी मनातल्या मनात पैल्यांदा जन्मात म्हणत हुतो, वाढू नगो, वाढू नगो. तीन वाजून चाळीस मिण्टं. काम निघालं. चारला फोन आला, "वॉव, अंकिता! डन. घरूनच कर."

मी हात बाहेर काढले. मुंग्या आल्याल्या. तसल्याच हातानं डोळं पुसलं.

मग काय! दुसऱ्या दिवशी दुकानात मी नुसता उधळलो! येईल त्येला सांगतोय, च्या पाजून सांगतोय, "आमच्या अंकीनं व्होल्टेज कमी केलं, आन् गार! एकदम गार! आरं, आपण जुनी माणसं, आपल्याला काय कळतंय? व्होल्टेज कमी केलं की मशीन गार चालतंय!" अभिमान हो... बापाला आवरतोय व्हय! त्या गर्दीत नानासो बी हुता. उकिडवा बसून सगळं आयकत हुता. मला काय म्हाईत, आयुष्यात पैल्यांदा त्यो माझं आयकतोय!

सांच्याला पोरगी जेवणाचा डबा घिऊन दुकानात आली. जाताना स्टुलावर चढली, भिंतीवरचा बोर्ड काढला आन् पिशवीत घातला. मी म्हणलं, आगं... तिनं नुसतं बघितलं. मी म्हणलं, ने. घरी जाऊन बघतोय तर त्या कंप्युटरच्या डब्याच्या बरोबर वर लावल्याला, "चालू कामात सल्ला देऊ नये." भांडू कुणाशी? अक्षर माझंच!

आन् काल सकाळी नानासो. टेम्पोतनं मोटर उतरवली. आवं, टेम्पो यायच्या आधी वास आला! आतलं सगळं कोळसा! म्हणलं, आरं, काय केलंस हे? व्होल्टेज पडल्यावर आपोआप बंद पडत न्हाई का ती?

म्हणला, "पडती की. म्हणून तर त्यो बंद पाडणारा रिलेच काढून डायरेक्ट जोडली. परवा व्होल्टेज लय पडलं, म्हणलं बरंच झालं, आता गार चालंल. तुमीच म्हणला हुता की!" आन् मग कमरंवर हात ठिवून, सगळ्या दुकानासमोर, मला, मला! म्हणतोय, "आवं आकारामभाऊ, एकतीस वर्सं मोटरी भरताय, तुमाला येवढं कळू नये? व्होल्टेज कमी करून कवा काय गार झालंय का?"

मी सवयीनं बोट केलं भिंतीकडं...

नुसता खिळा.

मोटर खोलायला घेतली. नानासो समोर उकिडवा बसला आन् म्हणला, "तार जरा जाड घाला." 

घातली.