सतरावी शंका

— नाही हो, उघडून बघू नका, दोन्ही चाकं आत आहेत. पेडल काढून मोज्यात गुंडाळलीत, मोजा धुतलेला आहे. पिशवीचं तोंड मात्र पूर्ण बंद ठेवा. सायकलचं हँडल जरी बाहेर डोकावलं, तरी इथे जपानात स्टेशनवरचा माणूस कमरेत वाकून, तुमची माफी मागत, तुम्हाला परत पाठवतो. फुनाबोरीहून तुमच्या इचिकावाला थेट गाडी आहे, शेवटच्या डब्यात कोपरा मिळेल. आणि ते पाकीट खिशात ठेवा, केदार. आपल्या मराठी ग्रुपवर मी ‘द्यायची आहे’ असं लिहिलं होतं, ‘विकायची’ नव्हे. एकतीस वर्षं क्लार्क होतो, शब्द बघून लिहितो. चहा घेणार? टाकतो, पण बाराच्या आत सायकल घराबाहेर पडायला हवी. विश्वजित आणि नुपूर — मुलगा-सून — जुईला पोहायला घेऊन गेलेत, साडेबाराला येतील.

चोरीची नाही हो. पावती आहे, नोंदणीचा कागद आहे. गेल्याच आठवड्यात घेतली — चीनसाठी. हसू नका. माझा मित्र लक्ष्मण सध्या शांघायला मुलीकडे आहे. बावीस वर्षं ऑफिसात माझ्यासमोर बसला, मधे फक्त एक टेबल आणि त्याचा डबा. निवृत्तीनंतर तो, मोहन आणि मी सायकली घेऊन हिंडायचो — अलिबाग, महाबळेश्वर, एकदा तर गोव्यापर्यंत. तर या लक्ष्मणचा अचानक मेसेज: तिकडे चिंगहाई म्हणून तलाव आहे, साडेतीनशे किलोमीटरचा फेरा, मोहन मुंबईहून येतोय, बारा दिवसांत निघायचं, तू शेजारीच आहेस, येतोस का? शेजारीच. नकाशा खिशात मावला की माणसाला असं वाटतं.

मी काय केलं? शंका काढल्या. सतरा. क्रमांक घालून. उंची किती, श्वास लागला तर काय, पंक्चर कोण काढणार, शाकाहारी म्हणजे काय ते त्यांना कोण सांगणार. आमच्याकडे शंका न काढता फाइल पुढे गेली, तर ती वाचलीच नाही असा अर्थ व्हायचा. नकार द्यायचा तर एक ओळ पुरते. सतरा शंका म्हणजे होकारच. लक्ष्मणला हे कळतं. त्याने रात्री बसून उत्तरं दिली, एकेका शंकेला — सोळा. सतराव्यापुढे कोरं.

सतरावी? — काही नाही, साधीच होती. ‘मी आलेलं तुम्हां दोघांना चालेल ना?’

थट्टा समजला असेल, म्हणता? असेल. दमला असेल, हेही असेल. पण आमच्याकडे साहेबांनी रकाना कोरा सोडला, की ते प्रकरण संपलं. कोणी कोणाला तोंडावर नाही म्हणायचं नसतं, म्हणून तर रकाने. आणि मी ते उगाच विचारलं नव्हतं. गोव्याला जाताना हातखंब्याजवळ टपरीवर मी मागे राहिलो होतो — मी नेहमीच मागे राहायचो, गुडघा — आणि पोचलो तेव्हा मोहन पाठमोरा बोलत होता. पुढच्या वेळी दोघंच जाऊ, हा फार थांबवतो. लक्ष्मण? चहा ढवळत राहिला. साखर नसलेला चहा हो तो, त्याला डायबेटिस आहे.

आठ दिवस वाट पाहिली. दरम्यान व्हिसा आला, सायकल आली. गुरुवारी लिहून टाकलं, घरी अडचण आहे, जमत नाही. त्याचं उत्तर आलं: ‘अरेरे. तब्येत सांभाळ.’

घरी? घरी काही अडचण नाही. घरी सगळे खूश आहेत. अडचण तीच आहे. विश्वजित तीन वर्षांत पहिल्यांदा ऑफिसात माझ्याविषयी बोलला — तिथल्या तानाका-सानने मला हातमोजे पाठवलेत. नुपूरने जुईची शाळेनंतरची सोय लावली. जुईने वर्गात सांगितलं, माझे आजोबा सायकलने चीनला जाणार. मधला समुद्र तिने काढून टाकलाय. माझ्याशी ती जपानीत बोलते, मला निम्मं कळतं. हे मात्र तिने मराठीत सांगितलं. आता तिला काय सांगू? मोहन म्हणाला, मी फार थांबवतो?

म्हणून सोमवारी मी निघणार. ठरल्याप्रमाणे, सकाळी सहाला. सायकल कुरिअरने विमानतळावर पुढे पाठवली, असं सांगणार — इथे पाठवतातच सगळे. येताना लक्ष्मणला देऊन आलो म्हणेन. आणि मी नऊ दिवस कावासाकीला, स्टेशनसमोर एक हॉटेल आहे, तिथे. खोली पलंगाएवढी आहे, सायकल मावली नसती; नाहीतर दिली नसती. पुस्तकं नेतोय चार. तलावाची माहिती पाठ केलीय, मीठ किती, पक्षी कुठले. फोटोंचं अजून सुचलेलं नाही.

करा ना फोन, म्हणता. करीन की. व्हिसा आहे, विमानं आहेत. फोन केला तर तो ये म्हणेल. लक्ष्मण विचारल्यावर कोणालाच नाही म्हणत नाही, मला बावीस वर्षांचा अनुभव आहे. तेच तर.

असो. पट्टा खांद्यावर तिरका घ्या, वजन कमी लागतं. हे कोणाला बोलू नका, ग्रुपवर तर नाहीच. तशी आपली गाठ कशाला पडतेय — तुम्ही तिकडे इचिकावाला, ऑफिसही तिकडेच असेल —

कावासाकीला?

रोज?

बरं. लिफ्ट डावीकडे आहे. — सुटता किती वाजता? नाही, सहज विचारलं. निघा तुम्ही, दार मी लावतो.