मशीनमदी दोष न्हाय

आमचं गाव भूमच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर. मुरमाची जमीन, तिच्यावर ज्वारी आली तर आली, म्हणून घर सगळं म्हशींवर. घरटी म्हैस आन गल्लीला एक खव्याची भट्टी, लहानपणी मला वाटायचं भट्टीच्या धुराचा वास म्हंजीच गावाचा वास. बहात्तरच्या दुष्काळात आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आन मी तिच्या पदराच्या सावलीला बसायचो, तिथं खायला सुकडी मिळायची, ती रांगेत उभं राहून घ्यायची, आन त्या रांगेतबी, काय सांगू तुम्हाला, आमची माणसं एकीकडं आन बौद्धवाड्यातली एकीकडं. उपाशी दोघंबी, पण रांगा दोन. आमच्या घरी कोनाड्यात एक कपबशी निराळी असायची. ती कुणासाठी हे मला कुणी शिकवलं न्हाय, तरी ठाऊक होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं जे सांगायचंय त्यात मला तवा कळलं न्हाय असं म्हणायला जागा न्हाय. सगळं कळलं होतं. बायकोलाबी आजपतूर हे सांगितलेलं न्हाय म्या.

माझं नाव अंगद. धाराशिवला, तवाचं उस्मानाबाद, आयटीआयला रेडिओ-टीव्हीचं शिकलो आन भूमला एसटी स्टँडजवळ दुकान टाकलं, गाळा दूध संघाच्या चेअरमनचा. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. ऐंशी सालानंतर दुधाचा धंदा वाढला, पाऊस दगा द्यायचा पण म्हैस द्यायची न्हाय, आन मग संघानं कॉम्प्युटर घ्यायचं काढलं. अण्णांनी मला पुण्याला धाडलं, म्हणाले शिकून ये, आपल्या मशीनला बाहेरच्याचा हात नको. त्यांचा कुणावरच इश्वास न्हवता बगा. मशीन संघाच्या हापिसात ठेवायचं सोडून त्यांनी ते सोताच्या घरी, आतल्या खोलीत ठेवलं. सांगायला कारण असं की हापिसाला पत्रा हाय, धूळ येती, घरी कूलर हाय. खरं कारण संघाची निवडणूक. दूध कुणाचं, किती, फॅट काय लागली, सगळं त्या डब्यात जाणार, तवा डबा आपल्या नजरंखाली पायजे, दुसरं पॅनेल टपून बसलंय. मशीन आलं त्या दिवशी त्याला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आन दुसऱ्या दिवसापासून खोलीला कुलूप.

ते चालवायला सुमन कांबळे लागली. भूमच्याच बौद्धवाड्यातली, इंग्रजी-मराठी दोन्ही टायपिंगच्या परीक्षा पास, बोटं अशी चालायची की बघत राहावं. बाप गेलेला, घरात आई आन धाकटी भावंडं. तात्पुरती घेतली होती, निवडणूक झाली की कायम करू म्हणून अण्णांनी शब्द दिलेला, आन ती त्या शब्दाकडं डोळं लावून बसलेली. संघात दुसऱ्या कुणाला मशीन यायचं न्हाय, म्हणून तिला घरात घेणं भाग पडलं. अण्णांच्या आई, जिजी, त्यांनी मग तोड काढली. सुमन यायच्या आधी खुर्चीवर एक काळं घोंगडं अंथरायचं, ती गेली की काठीनं उचलून परसात वाळत घालायचं. लोकरीला इटाळ लागत न्हाय म्हणायच्या जुन्या बाया, म्हंजी खालची खुर्ची चोख राहिली. सुमनला सांगितलं, बाई, मऊ लागंल बसायला. घोंगडं मऊ असतंय व्हय कुठं? टोचतंय ते. पण ती त्याच्यावरच बसून टाइप कराया लागली.

दिवाळीपतूर मशीन झकास चाललं. त्या साली पाऊस नावालाच झालेला, संक्रांत गेली, हवा पार कोरडी पडली, व्हट फुटाया लागले, आन मशीन बंद पडाया लागलं. चालता चालता पडद्यावर इंग्रजीत ओळ यायची, मेमरीत चूक हाय अशी, आन सगळं जागच्या जागी थिजायचं. बंद करून परत चालू करावं, तवर टाइप केलेलं सगळं गेलेलं. मेमरी म्हंजी कसं, त्या डब्यातला फळाच म्हणा की. काम चालू हाय तवर मशीन सगळं फळ्यावर मांडतं, आन त्यातलं एक अक्षर जरी भलतंच झालं तरी त्याला कळतं, मग ते पुढं पाऊलच टाकत न्हाय. त्या काळी हा फळा म्हंजी लहान लहान चिपांच्या ओळी, झुरळं बसल्यावानी, पाय खोबणीत रोवलेले. तापून, गार होऊन, परत तापून चिप हळूहळू खोबणीतून वर सरकती, हे मला पुण्यात शिकवलं होतं. म्हणून झाकण काढून एकेक चिप अंगठ्यानं दाबली. दोन दिवस बरं चाललं, परत बंद. मग चिपा उपसल्या, पाय स्पिरिटनं पुसले, ह्या ओळीतली त्या ओळीत घातली. हिशेब साधा हाय, चिप खराब असंल तर चूक तिच्यासंगं दुसऱ्या ओळीत जाती, खोबण खराब असंल तर चूक तिथंच राहती. हितं चूक ना संगं गेली ना जागेवर राहिली. आज हितं, उद्या तिथं. स्टेबिलायझर बदलून बघितला, फ्लॉपी बदलून बघितली. आन एक गोष्ट, सुमन गेल्यावर मी बसलो की मशीन चालायचं. सुमन बसली की बंद.

हे जिजींच्या ध्यानात माझ्या आधी आलं. म्हणल्या, तिचा हात लागला की मशीन झोपतंय, बग तू. अण्णांना इटाळाचं काय पडलेलं न्हवतं, त्यांचा वहीम निराळा, पोरीला दुसऱ्या पॅनेलनं फितवलंय, मुद्दाम पुसतीय ती. मला म्हणाले, अंगद, तिच्या मागं बस आन हात बघ तिचे. मी बसलो. ती टाइप करायची आन मी तिच्या बोटांकडं बघायचो, जत्रंत पाकीटमारावर नजर ठेवतात तसा. ती मान न वळवता म्हणली, सर, काय बघताव, अक्षरं पाठीवर उमटत्यात का माझ्या? मला हसू आलं, मग लाज वाटली, पण उठलो न्हाय. एकदा म्हणली, सर, मशीन चटका मारलालंय, हितं, डब्याला हात लागला की. म्या टेस्टर लावून बघितलं, करंट कुठंच न्हाय. मलाबी वाटलं बहाणा करतीय. मग एक दिवस म्हणली, उकडलालंय लई, कूलरलाबी पाणी न्हाय, हे घोंगडं काढून बसू का? म्या म्हणलं, राहू द्या बाई, जिजींना इचारावं लागंल. तिनं नायलॉनची साडी सावरली आन परत त्याच घोंगड्यावर बसली.

म्या अर्थिंगबी बघितलं. परसात खड्डा करून, कोळसा-मीठ घालून सळई पुरलेली, ती जागा वल्ली राहावी लागती तवाच करंट भुईत उतरतो. तिथं खडखडीत. म्या जिजींना म्हणलं, ह्यात एक घागर पाणी ओतावं लागंल. जिजी म्हणल्या, माणसं टँकरमागं पळलालीत आन तू भुईला पाजायला निघालास व्हय रं मुडद्या? म्या इषय सोडला.

पुढं एक दिवस सुमन आली न्हाय, आईला दवाखान्यात घेऊन गेली होती. जिजींना ते ठाऊक न्हवतं, त्यांनी सवयीनं घोंगडं अंथरून ठेवलेलं. मी आलो आन तसाच त्याच्यावर बसलो, टेरिकॉटची पँट, जरा पुढं सरकलो आन डब्याला हात लावला तर चट्ट आवाज झाला, बोटाच्या टोकाला निळी ठिणगी, आन पडद्यावर तीच ओळ. म्या मशीन बंद केलं. घोंगडं काढलं, मशीन चालू केलं, बसलो, सरकलो, हात लावला, काय न्हाय. परत अंथरलं, बसलो, सरकलो, चट्ट. शाळेत कंगवा केसाला घासून कागदाचे कपटे उचलायचो, तीच ही वीज. कोरड्या हवेत लोकरीवर घासून अंगात साठती आन लोखंड दिसलं की उडी मारती. खड्डा वल्ला असता तर भुईत गेली असती, कोरडा होता म्हणून मेमरीत घुसत होती. इतके दिवस मी चिपा दाबत बसलो होतो. घोंगडं हातात घेऊन उभा होतो तवर जिजी आल्या. म्हणल्या, ठेव की ते खाली, तुला न्हाय ते, तू आपल्यातलाच हाईस, बस तसाच.

काय सांगू तुम्हाला. त्या असं मायेनं म्हणल्या, पोटच्या लेकराला म्हणावं तसं. आन म्या ते घोंगडं घडी घालून ठेवलं.

त्याच दिवशी सांजच्याला अण्णांनी ओसरीवर बोलावलं. संघाचे दोन संचालक बसलेले, सुपारी कातरणं चाललेलं, जिजी दाराआड. अण्णा म्हणाले, अंगद, लांबण लावू नको, एकच सांग, दोष मशीनमदी हाय का हातामदी? माझ्या तोंडात आलं होतं की अण्णा, दोष घोंगड्यात हाय. पण तसं म्हणलं की पुढचा सवाल येणार, घोंगडं अंथरलं कशाला? त्याचं उत्तर तिथं बसलेल्या सगळ्यांना ठाऊक, आन ते भर ओसरीवर कुणीच कधी उच्चारलेलं न्हवतं. उच्चारायचं तर म्या उच्चारायचं, जिजींच्या तोंडावर, अण्णांच्या गाळ्यात दुकान असणाऱ्यानं. म्या म्हणलं, मशीनमदी दोष न्हाय.

एवढंच बोललो. त्यात खोटं काय हाय सांगा. मीबी लई वर्सं सोताला हेच इचारत आलो.

अण्णांनी संचालकांकडं बघितलं, म्हणाले, ऐकलाव का? झालं. सुमनला दुसऱ्या दिवशी दारातनंच परत लावलं. भूमात बोभाटा झाला की कांबळ्याच्या पोरीनं दुसऱ्या पॅनेलच्या सांगण्यावरनं दुधाचा हिशेब पुसला. तिच्या जागी अण्णांचा भाचा आला, तो उघड्या खुर्चीवर बसला, आन मशीन एकदाबी बंद पडलं न्हाय. कसं पडंल? जिजी म्हणल्या, बगितलाव? म्या म्हणलं न्हवतं? सगळा गाव म्हणला. त्या मशीनच्या देखभालीचं काम अण्णांनी मलाच दिलं, आन मी आठवड्याला जाऊन धड चाललेल्या चिपा दाबून यायचो.

सुमन दुकानात आली होती एकदा. दारातच थांबली. म्हणली, सर, तुम्ही काय सांगितलं त्यांना? म्या सोल्डरिंगवरनं मान वर न करता म्हणलं, मी काय सांगणार, मशीन बरं हाय एवढंच. ती एसटी स्टँडकडं गेली. पुढं कळलं की ते घरच भूम सोडून गेलं.

मग काय, वर्सं गेली. जिजी गेल्या. मी धाराशिवला दुकान हलवलं, आता घरोघरी कॉम्प्युटर झालेत, लोक फोन करतात, चालू होत न्हाय, आपोआप बंद पडतंय, आन मी जातो. औंदा उन्हाळ्यात असाच एका कॉलनीतनं फोन आला, पोराचं कॉम्प्युटर काम करता करता मधीच बंद पडतंय म्हणून. गेलो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली बुद्धाची मूर्ती, दार उघडलेल्या बाईंचे केस निम्मे पांढरे. मला वळख लागली न्हाय. म्या झाकण काढलं, मेमरीची पट्टी उपसली, आता ती चिपांची ओळ न्हाय राहिली, बोटभर पट्टी असती, तिच्या सोनेरी कडेवर मळ बसलेला. खोडरबरानं घासली, धूळ झाडली, परत बसवली, आन चालवून बघावं म्हणून खुर्चीवर बसाया गेलो तर त्या बाई म्हणल्या, थांबा सर, ती शाल उचलते, लोकरीची हाय. मशीनला चालत न्हाय.

तवा वळखलं म्या, सुमन. त्यांनी शाल उचलली, घडी घातली, आन माझ्याकडं बघितलं. त्यांनी मला दारातच वळखलं होतं.

म्या तिथंच सगळं सांगितलं. ठिणगी, घोंगडं, ओसरी. मी थांबलो तवा त्या म्हणल्या, घोंगड्याचं मला कळलं होतं, तहसीलला नोकरी लागल्यावर कॉम्प्युटरच्या ट्रेनिंगला धाडलं, तिथं कळलं. तुम्हाला कळलं होतं का न्हाय, तेवढंच कळत न्हवतं. कधी वाटायचं, बिचाऱ्याला ठाऊक नसंल. म्या म्हणलं, माफ करा बाई. त्या म्हणल्या, मला आता सांगून काय करताव? माझी आई चोराची आई म्हणून गेली भूमातनं. सांगायचं तर तिथं सांगा.

म्हणून मी भूमला गेलो. अण्णा हायेत अजून, थकलेत, ओसरीवर खाटंवर असतात. सगळं ऐकून घेतलं, मग डोळे बारीक करून म्हणाले, घोंगड्यानं कुठं मशीन बंद पडतंय व्हय? खरं बोल, तुला कुणी धाडलंय? कोणत्या पॅनेलनं?

मी ओसरीवरनं खाली उतरलो. पार बदललंय भूम, माझ्या जुन्या दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान हाय, तिथल्या पोराला मी कोण ठाऊक न्हाय, सुमन कांबळे कोण तेबी ठाऊक न्हाय. मी स्टँडवर उभं राहून कुणाला सांगू? म्हाताऱ्या माणसांपैकी दोघा-तिघांना गाठून सांगितलं. एक म्हणला, जाऊ द्या की आता. एक म्हणला, पण तिचा हात लागला की बंद पडायचं हे खरं होतं बगा.

तवा तुम्ही इचारलाव की हे लिवून घेऊन छापू का, तर म्या व्हय म्हणलं. लिवा. गावाचं नाव झाकू नका, भूमच लिवा. सुमन कांबळेनं हिशेब पुसला न्हवता, तिच्या हातात दोष न्हवता, आन हे अंगदला त्याच दिवशी ठाऊक होतं, असं लिवा. आन छापून झालं की एक प्रत मला द्या, मी ती कॉलनीत नेऊन देतो. त्या दार उघडतील का न्हाय, ते त्यांच्यावर.