पहिली उचल

सन्माननीय अध्यक्ष आणि या कारखान्याचे मालक मितेशभाई, व्यासपीठावरचे मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती सुगंधाताई, त्यांच्या सूनबाई ज्ञानेश्वरी आणि शेडमधून हात धुऊन थेट या हॉलमध्ये आलेल्या बंधुभगिनींनो,

मी कैलास. तुमची ही नवी वीस टनी क्रेन जी कंपनी विकत घेते आहे, तिचा तपासणी अधिकारी. प्रमुख पाहुणा म्हणून मला इथं बसवलंत, शाल घातलीत. खरं सांगू? ही शाल अंगावर ठेवायची मला लाज वाटते आहे.

सकाळी काय झालं, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत. लोड टेस्टसाठी वजनं हुकाला बांधून तयार होती, नारळ फुटला होता. मितेशभाईंनी क्रेनच्या बटणांचं ते लोंबतं पेंडंट मोठ्या अगत्यानं माझ्या हातात दिलं. शेजारी सुगंधाताई उभ्या होत्या. मी वरवर विचारलं, "ताई, तुम्ही दाबता का?" त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की साहेब, दाबा तुम्हीच. पाव्हण्याचा मान हाय."

आणि मी दाबलं! नुसतं दाबलं नाही, हेल्मेट सरळ करून कॅमेरा घेतलेल्या मनीषला दुसरा फोटो काढायला लावला. तो बायकोला पाठवला. टाळ्या इतक्या कमी कशा पडल्या, याचं मला वर आश्चर्य वाटलं.

दुपारी जेवणानंतर नळावर नवशाभाऊ भेटले. वजनं बांधणारे, फारसं न बोलणारे. म्हणाले, "साहेब, राग नका धरू. पण पयली उचल बाईंची व्हती. आमच्याकडं जो रिटायर व्हतो, त्याच्या शेवटच्या क्रेनचा पयला लोड त्यानंच उचलायचा. दुसऱ्यानं बटनाला हात लावायचा नाय."

मी म्हटलं, "मग तेव्हाच बोलायचं ना!"

"तुमी पावणे हाव. आमी कसं बोलायचं?"

ताई, दरवर्षी कुणाच्या तरी पहिल्या उचलीला तुम्ही टाळ्या वाजवल्यात. आज तुमची पाळी होती. ते बघायला सूनबाई अर्धी रजा टाकून सालवडहून आल्या, सुरक्षेच्या पिवळ्या पट्टीमागे उभ्या राहिल्या आणि त्यांना दिसलो मी! या कारखान्यात मी कितीदा आलो, कंट्रोल पॅनेलचं दार उघडून आतली वायरिंग बघितली, वेणी घातल्यासारखी नीट. प्रत्येक वेळी "व्वा" म्हणालो. कुणी केली, हे एकदाही विचारलं नाही. ती तुमच्या हातची होती, हे मला आज कळलं. याचीही आज शरम वाटते.

मितेशभाई, तुमच्यावर ठपका नाही. तुम्ही पाहुणचार केलात. डोकं मी वापरायला हवं होतं.

आता कामाचं बोलतो. लोड टेस्टला तपासणी अधिकाऱ्यानं बाजूला उभं राहून बघायचं असतं. वजन घेतल्यावर क्रेनची वरची आडवी तुळई, म्हणजे गर्डर, किती वाकला, ब्रेकवर लोड थांबला की घसरला, हे बघायलाच तर कंपनी मला पगार देते. आणि सकाळी मी काय बघत होतो? कॅमेऱ्याकडे. बघणाराच बटण दाबायला लागला, तर बघायचं कुणी? तेव्हा अध्यक्षमहाराज, सकाळची टेस्ट मला मान्य करता येत नाही. ती पुन्हा घ्यावी लागेल, आणि आजच घ्यावी, अशी माझी विनंती आहे. वजनं हुकाखालीच आहेत. नवशाभाऊंना विचारूनच आलोय.

ताई, नकारार्थी मान हलवू नका. ही मेहेरबानी नाही, माझं राहिलेलं काम आहे. नियमानं ही उचल पहिली धरली जाईल. तुमच्या मनात ती पहिली होईल की नाही, ते मी कोण सांगणार? सकाळचा तो क्षण मला परत आणून देता येत नाही, आणि हे मला फार लागलं आहे.

मला बोलावलंत, मान दिलात, याबद्दल तुम्हा मंडळींचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. सकाळचं मात्र इतक्यात विसरू नका, मला ते लक्षात राहायला हवं.

उरलेली भाषणं नंतर होतील. सूनबाई, या वेळी पट्टीच्या अगदी जवळ उभ्या राहा. आणि ताई, चला, पुढे व्हा. मी तुमच्या मागून येतो.