पिंप्राळ्याचा नवा फुटपाथ

पायी चालायचं कौतुक मला सांगू नका. पिंप्राळ्यात नवा फुटपाथ झाला म्हणून परवा मी हौसेनं त्यावरून निघालो, तर एका दुकानदारानं अख्ख्या फुटपाथवर चपला मांडलेल्या.

"या भाऊ, काय दाखवू?"

"काही नको, पुढे चाललोय."

"इथून?" मी त्याच्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखं त्यानं पाहिलं.

"अहो, फुटपाथ आहे हा!"

"हो ना, फार चांगलं काम झालं. आता पावसाचं पाणी दुकानात येत नाही."

मुकाट्यानं खाली रस्त्यावर उतरलो. मागून एक मोटारसायकलवाला करकचून ब्रेक दाबत ओरडला, "ओ काका, एवढा फुटपाथ केलाय, वरून चाला ना!"

मी तोंड उघडायच्या आत दुकानदारच त्याच्यावर खेकसला, "अरे, त्यांना काही घ्यायचं नाहीये!"