रायफल खाली मारते

...नाही, तू आधी नळीतच बघ, क्लेटन. बॅटरी लाव, भिंग लाव, काय लावायचं ते लाव, पण बघ – आणि असं गालातल्या गालात हसू नकोस. 'नाचता येईना अंगण वाकडं' हेच तुझ्या तोंडावर लिहिलंय, मला चष्म्याशिवाय वाचता येतं. हात थरथरतात माझे, मान्य. कॉफीचा कप उचलला की निम्मी कॉफी शर्टावर. पण रायफल खांद्याला टेकली की हाच हात खुंटासारखा उभा राहतो, विचार जा कुणालाही. माझ्या बापाची रायफल ही. बापानं हिच्यावर आम्हा पाच पोरांना मांस खाऊ घातलं, मी माझ्या घराला घातलं. घोड्याएवढा एल्क सांबर एका गोळीत जागेवर बसायचा! आणि आता शंभर यार्डांवर कागद लावतो, मधोमध नेम धरतो, श्वास रोखतो, सगळं शिस्तीत करतो – आणि गोळी कुठं? वीतभर खाली. पुन्हा मारली – वीतभर खाली. काय भानगड आहे ही? नळी झिजलीय? घोडा सैल झालाय? तू बंदुकांचा डॉक्टर ना, मग सांग की! दुकान मांडून बसलायस कशाला?

काय? विखुरतात का? नाही ना विखुरत, तेच तर डोकं फिरवतंय माझं. सगळ्या एका जागी. मुठीखाली झाकल्या जातील इतक्या जवळजवळ. एक इकडं एक तिकडं गेली असती तर मीच म्हणालो असतो, व्हर्लिन, म्हातारा झालास, बस आता शेगडीपाशी पाय शेकत. पण नाही! नेम पक्का, गोळ्या एका जागी, आणि जागा चुकीची. आता तूच सांग, माणसानं कुणाच्या नावानं बोटं मोडायची?

काडतुसांचं नाव काढू नकोस हं. आधीच सांगून ठेवतो. विकतचं काडतूस या रायफलीत कधी गेलेलं नाही. गोळी मी ओततो – मागच्या पडवीत, माझ्या हातानं. शिसं वितळवायचं, त्यात मेणबत्तीचा तुकडा टाकायचा, मळी वर आली की पळीनं काढायची, साचा तापेपर्यंत पहिल्या गोळ्या पुन्हा भांड्यात. सुरकुती दिसली की बाद. आणि काडतुसात दारू भरते माझी बायको, ओपल. पूर्वी मीच भरायचो, पण हे हात – अरे, तराजूच्या पारड्यातून निम्मी दारू मेजावर सांडायला लागली, मग म्हटलं ये बाई, तूच बस. शिकवली मीच. पण आता बघ तिला! चष्मा नाकाच्या टोकावर, ओठ मिटलेले, एकेक कण टिचकीनं पाडते. त्या वेळी घराला आग लागली तरी उठायची नाही. केक करताना पिठाचा अंदाज चुकेल तिचा, दारूचा नाही. तेव्हा काडतूस सोड. उगाच चांगल्या बाईवर शिंतोडे नकोत.

मला विचारशील तर सगळा घोळ शिशात आहे. आणि शिसं कुठून येतं? मर्लकडून. ओपलचा भाऊ, टायरवाला – हो, तोच. चाकांना लावतात ना ती वजनं, जुनी निघालेली, डबा भरून देतो मला. वर्षानुवर्षं देतोय. पण हल्ली कंपन्या शिशाऐवजी जस्त घालतात, दिसायला सारखंच, आणि जस्ताचं एक वजन जरी भांड्यात वितळलं ना, की सगळं भांडं नासलं, दुधात लिंबू पिळल्यासारखं. मी त्याला बजावलं होतं, मर्ल, डोळे उघडे ठेवून निवड. तो म्हणतो, निवडलं. मी म्हटलं, मग माझी रायफल काय भुतानं झपाटलीय? दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. बोललो मी. खोटारडा म्हणालो. आळशी म्हणालो, बापासारखाच आळशी आहेस म्हणालो. चार लोक बघत होते आणि तो टायर हातात धरून नुसता उभा. तेव्हापासून येणं नाही, जाणं नाही. दर रविवारी चर्चनंतर आमच्याकडे जेवायचा – एकटाच असतो बिचारा – तेही बंद. ओपल मधे उभी होती त्या दिवशी. आधी त्याच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. सख्खा भाऊ, पण एका शब्दानं बोलली नाही. मला वाटलं, तिलाही पटलं असणार.

हं? जस्त असतं तर गोळ्यांची वजनं कमीजास्त झाली असती? इकडंतिकडं गेल्या असत्या? ...ते – हो. ते खरंय म्हणा. सुरकुत्याही पडल्या असत्या, साच्यात नीट भरल्याच नसत्या. माझ्या गोळ्या तर आरशासारख्या निघतात. मग – बरं, मग मर्ल नाही. मर्ल नाही म्हणतोस. असू दे, तो नंतरचा विषय. तू नळी बघ.

हसण्यावारी नेऊ नकोस, क्लेटन, शनिवारी शिकार खुली होते. आणि मी काल रात्री ठरवलंय – आज तुझ्याकडून ही नीट होऊन गेली तर ठीक, नाहीतर भिंतीवर टांगायची आणि मी डोंगर सोडला. कायमचा. का म्हणजे? गेल्या वर्षीच्या त्या एल्क नराचं ऐकलं नाहीस तू? अख्ख्या खोऱ्यात झालंय की सांगून. दीडशे यार्डांवर आडवा उभा होता, जसा काही माझ्यासाठीच थांबलेला. खांद्यामागं नेम धरला. आणि लागली कुठं? पायाला. पुढचा पाय लटकताना दिसला मला. तीन पायांवर गेला तो झाडीत. रक्तामागून अंधार होईपर्यंत फिरलो, दुसऱ्या दिवशी फिरलो, मग बर्फ पडलं आणि सगळं पुसलं गेलं. अरे, मुकं जनावर! कुठं जाऊन मेलं असेल, किती दिवसांनी मेलं असेल – मला वर्षभर झोप नाही धड. घरी येऊन सांगितलं तर ओपल अशी रडली, अशी रडली, की मलाच तिला धरावं लागलं. 'माझ्यामुळं झालं' म्हणत होती. म्हटलं वेडी की काय, तुझा काय संबंध? हळवी आहे ती. कोंबडी कापतानासुद्धा तोंड फिरवते.

काय म्हणतोस? धक्का? धक्क्याचं काय विचारतोस? उलट तेच एक बरं झालंय! पूर्वी ही रायफल खेचरासारखी लाथ मारायची, संध्याकाळपर्यंत खांदा काळानिळा. आता नुसती ढकलते, अंगावर मांजर उडी मारतं तशी. मी ओपलला म्हटलंसुद्धा, बघ, डॉक्टर म्हणत होता धक्का सोसायचा नाही, आणि मी तर आधीपेक्षा दणकट – कुठला डॉक्टर? कुणी नाही रे. डोळ्याचा. काही नाही झालेलं, पडदा सुटला होता उजवा, गेल्याच्या गेल्या वसंतात, शहरात जाऊन चिकटवून आणला. तो बेटा म्हणतो, आता रायफल विसरा, एक जोराचा दणका बसला की पुन्हा सुटेल आणि मग माझ्या हातात काही नाही. ओपलसमोर म्हणाला. तिचा चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, डॉक्टर, रायफल विसरण्यापेक्षा डोळा गेलेला परवडला. गाडीत बसल्यावर ती विनवत होती, हात जोडत होती, मी ऐकलं नाही. पुन्हा हा विषय काढलास तर घरात बोलणार नाही, असं म्हणालो. नाही काढला तिनं पुन्हा. आणि झालं काही? बघ, डोळा शाबूत! डॉक्टरांचं काय, ते –

अरे, ते कशाला उघडतोस? काडतूस नीट आहे म्हटलं ना. असतील माझ्या खिशात चार, पण ती तुला बघायला नाही आणली, दुकानामागं मारून दाखवायला आणली होती. ओपल तर म्हणत होती क्लेटनकडे जाऊच नकोस, त्याला काय कळतंय. जाऊ दे, तुझं समाधान होऊ दे. काढ गोळी. ओत दारू. ठेव तराजूवर – आणि मग आधी तिची माफी माग.

किती?

...पुन्हा ठेव. तराजू नीट आहे ना तुझा? हे तर फारच कमी – हे कसं शक्य आहे? चुकली असेल. वय झालं तिचंही, चष्म्याचा नंबर वाढला असेल, एखादं काडतूस चुकतं माणसाचं. दुसरं घे. हे घे.

तेवढंच?

तिसरं.

...

म्हणजे चूक नाही. एक कण इकडं नाही की तिकडं नाही. हलक्या भाराचंच भरलंय. दारू कमी, म्हणून धक्का कमी, म्हणून गोळी खाली. मोजून. प्रत्येक वेळी, मोजून.

तिनं ते जनावर – तिला माहीत होतं. आणि मर्ल. अरे, सख्ख्या भावाला मी गिऱ्हाइकांसमोर खोटारडा म्हणालो आणि ती तिथं उभी होती. एका शब्दानं सगळं मिटलं असतं. 'मी केलंय' एवढंच म्हणायचं होतं. पण म्हणाली असती तर मी दुसऱ्या दिवशी स्वतः भरायला बसलो असतो, सांडत सांडत का होईना, पूर्वीसारखी भरली असती – हो, भरलीच असती. मला ओळखते ती. माझ्या डोळ्यापायी भावाला शिव्या खाऊ दिल्या तिनं. आणि मी काय केलं? मी म्हटलं, तिलाही पटलं असणार. राग येतोय मला, क्लेटन. इतका येतोय की तुझी ही काच फोडावी वाटते. पण कुणावर काढू? सांग ना, कुणावर काढू?

थांब. ते आवर. दारू आवर आधी, गोळ्या खणात टाक – किराणा घेऊन आली ती, रस्ता ओलांडतेय. आणि ऐक, तू काहीही उघडलेलं नाहीस. काही वजन केलेलं नाहीस. एक शब्द बोललास ना, तर तुझी माझी ओळख संपली.

...ये गं, दार लोट, थंडी येतेय. काही नाही, झालंच. काडतुसं? छे, काडतुसं कशाला बघतोय तो, काडतुसांना काय धाड भरलीय. नळी झिजलीय म्हणतो. बापाची रायफल, झिजायचीच कधीतरी. आता मधल्या माळावरून मारायचं नाही, झाडीत पार जवळ जायचं, साठ यार्डांच्या आत, आणि तसा नाही सापडला तर हात हलवत घरी यायचं. काडतुसं तू भरतेस तशीच भर, त्यांत काही बदलू नकोस. रडतेस काय? नळीसाठी कुणी रडतं का? दे ती पिशवी इकडं. आणि जाताना गाडी मर्लच्या दुकानाकडं वळव. हो, मर्लच्याच. टायरमधली हवा बघायचीय.

तू काय बघत उभा राहिलायस, क्लेटन? तुला दुसरी कामं नाहीत?