जिभेचे चोचले

दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या कारकूनबाईंच्या बाकावरच एक नणंद-भावजय बोलत बसल्या होत्या.

“वहिनी, दादाचं दुखणं एवढं वाढलं, तुला कळलं कसं नाही?”

“वन्सं, वर्षभर सांगत होते, जीभ चुरचुरते, भाजी तिखट लागते. मी म्हटलं, पुरे झाले जिभेचे चोचले.”

“पिवळा पडला होता, धापा टाकत होता.”

“दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसतात, दुसरं काय होणार, म्हटलं.”

“पायाला मुंग्या येतात, हे मलाही म्हणाला होता गं. मीच हसण्यावारी नेलं.”

“परवा डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला लावली. लालबुंद, काचेसारखी गुळगुळीत! सव्वीस वर्षं त्या जिभेला नावं ठेवली, पण एकदा बघितली नाही हो.”

“मग नुसत्या गोळ्या का नाही दिल्या? इंजेक्शनं कशाला?”

“बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व पोटातून अंगाला लागतच नाही म्हणे त्यांच्या. म्हणून. रक्त भरून येईल. पायांचं मात्र सांगता येत नाही, उशीर केलात म्हणाले.”

इंजेक्शनच्या खोलीतून तो शिंपी भिंत धरून बाहेर आला. त्याची एक चप्पल मागे उंबऱ्यातच राहिलेली कारकूनबाईंना दिसली.

“अहो, चप्पल कुठंय?” बायकोनं विचारलं.

“पायातच आहे की.”